भरतीचे कोष्टक आणि आमचा बांबू: मॉडेल व मोजणी यांचा मेळ शास्त्रज्ञ कसा घालतात?

खाडीकाठचा मास्तर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या खाडीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. मे महिन्यापासून नववीत जाणाऱ्या मुलांना घेऊन आम्ही एक साधा उद्योग चालवला आहे. जेटीच्या खांबाशेजारी चिखलात बांबू रोवून त्यावर दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे रंगवले, आणि शनिवार-रविवारी दर अर्ध्या तासाने पाण्याची पातळी वहीत टिपून ती मोबाइलवर मिळणाऱ्या हर्णैच्या भरतीच्या कोष्टकाशी ताडून पाहतो. बांबूचा शून्य आम्ही पहिल्या चार दिवसांच्या नोंदींवरून कोष्टकाशी जुळवून घेतला होता.

दोन गोष्टी आढळल्या. आमची पूर्ण भरती जवळपास दर वेळी कोष्टकापेक्षा वीस-पंचवीस मिनिटे उशिरा येते. आणि जूनमध्ये, दोन दिवस नैर्ऋत्येचा वारा लागून राहिल्यानंतर, पाणी कोष्टकापेक्षा चांगले वीतभर वर होते. एका मुलीने विचारले, "सर, चुकलं कोण? कोष्टक की आपला बांबू?" आमचे एक सहकारी म्हणतात की मोजलेले तेच खरे, मॉडेल म्हणजे शिकलेल्यांचा अंदाज. त्या मुलीच्या आजोबांच्या मते दोन्हींची गरज नाही, तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते. निरनिराळ्या शाखांतले लोक असा प्रसंग आला की प्रत्यक्षात काय करतात, हे जाणकारांनी सांगावे.

उधाण-भांग

मास्तर, आधी आजोबांना नमस्कार सांगा, कारण त्यांचे सूत्र हेही एक मॉडेलच आहे आणि तेही पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेले आहे. पंधरा तिथींत भरतीची वेळ सरासरी बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. आजोबा ४५ धरतात, कारण होडीत बसून पाऊणपट काढणे सोपे असते.

आता कोष्टकाविषयी. ते कोणी केवळ गणिताने रचलेले नसते. बंदरात पाण्याच्या पातळीची निदान वर्षभराची नोंद घेतात आणि तिच्यातून चंद्रामुळे येणारा १२ तास २५ मिनिटांचा हेलकावा, सूर्यामुळे येणारा १२ तासांचा, शिवाय दिवसाकाठी एकदाच येणारे, असे अनेक हेलकावे वेगळे काढतात. या दोन मुख्य हेलकाव्यांची चढाओढ म्हणजेच आपले उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती). प्रत्येक हेलकाव्याचा आवर्तनकाल खगोलशास्त्र ठरवते, पण त्या विशिष्ट बंदरात तो किती उंच आणि किती उशिरा येईल, हे फक्त मोजूनच कळते. मुंबईला अपोलो बंदराची नोंद १८७८ पासूनची आहे. म्हणजे तुमचे कोष्टक हे जुन्या मोजण्यांचे पुढच्या तारखांवर लावलेले रूप आहे, आणि त्यात सहसा दोनच गोष्टी नसतात: तुमची खाडी आणि आजचा वारा.

वीस-पंचवीस मिनिटांचा उशीर जर दर वेळी साधारण तेवढाच असेल, तर ती चूक नव्हे. उघड्या किनाऱ्यावरची भरती खाडीच्या तोंडातून आत यायला तेवढा वेळ लागतो. तेवढी मिनिटे कोष्टकात मिळवली की झाले. वीतभर पाणी मात्र वेगळे प्रकरण आहे. मोजलेल्या पातळीतून कोष्टकाची पातळी वजा केली की जे उरते, त्यात वारा आणि हवेचा दाब सापडतो. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर वर येतो आणि किनाऱ्याकडे वाहणारा वारा पाणी रेटतो ते निराळे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तशा वेळी किनाऱ्यावर पाणी किती चढेल हे सांगण्यासाठी हीच वजाबाकी कामी येते.

एक शंका: चार दिवसांवरून शून्य जुळवलात, तो बांबू अजून त्याच उंचीवर आहे ना?

ढगांची वही

हवामानशास्त्रात "चुकले कोण" असे विचारतच नाहीत. "कोणावर किती विश्वास ठेवायचा" असे विचारतात. समजा, मॉडेल म्हणते की रत्नागिरीसमोर लाट २.० मीटर आहे आणि त्याची नेहमीची चूक ०.४ मीटर असते. तिथला तरंगता बोया (लाटा मोजणारे उपकरण) २.६ मीटर सांगतो आणि त्याची चूक ०.२ मीटर आहे. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) ज्याची चूक निम्मी, त्याला चौपट वजन द्यायचे, मग उत्तर येते २.४८ मीटर, आणि या उत्तरातली चूक दोघांपेक्षाही कमी, सुमारे ०.१८ मीटर असते. म्हणजे कमी भरवशाचा साक्षीदारही फुकट जात नाही. अंदाजाची मोठी मॉडेल दर काही तासांनी हेच लाखो नोंदींसह करतात आणि सुधारलेल्या स्थितीपासून पुढचा अंदाज काढतात.

असे न केल्यास काय होते, याचा दाखला जुना आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, हाताने केलेल्या हवामानाच्या गणितात सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल असे निघाले; प्रत्यक्षात तो जवळपास होता तिथेच राहिला. मूळ समीकरणे ठीक होती आणि मोजण्याही खोट्या नव्हत्या. पण मोजण्यांतले छोटे विसंवाद न गाळता थेट समीकरणांत घातल्यामुळे ते भलतेच फुगले.

बांगड्याचा काटा

तुमच्या सहकाऱ्यांचे "मोजलेले तेच खरे" हे वाक्य मासेमारीत फार महागात पडलेले आहे. समुद्रात बांगडा किती आहे हे कोणी मोजू शकत नाही. हर्णैला लिलावात किती टोपल्या आल्या तेवढेच मोजता येते. म्हणून उतरलेल्या मासळीतील नमुन्यांची लांबी मोजतात, वाढीच्या मॉडेलवरून त्यांचे वय काढतात, आणि मोठे मासे किती झपाट्याने कमी होत जातात यावरून साठ्यावरचा ताण ओळखतात. यात जाळ्याच्या आसातून (भोकांतून) निसटलेली पिल्ले कधीच मोजली जात नाहीत.

कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या कॉड माशांचे उदाहरण पाहा. १९८० च्या दशकात ट्रॉलरना (जाळी ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटींना) मिळणारी मासळी भरपूर होती, म्हणून साठाही भरपूर धरला गेला. वास्तविक उरलेले मासे थोड्या जागी गोळा होत होते आणि ट्रॉलर बरोबर तिथेच पोहोचत होते. १९९२ मध्ये तिथली मासेमारी बंद करावी लागली. वजनकाटा एकदाही खोटे बोलला नव्हता.

वाशिष्ठीकाठ

वरच्या मुद्द्याला जोड. नदीचा "मोजलेला" प्रवाह वर्तमानपत्रात येतो, तोही बहुधा मोजलेला नसतो. मोजतात ती पाण्याची पातळी; पातळीवरून प्रवाह काढण्यासाठी एक वक्र वापरतात, जो शांत दिवसांत पाण्यात वेगमापक उतरवून तयार केलेला असतो. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात कोणी वेगमापक घेऊन उतरत नाही. अशा वेळी वक्र नुसता पुढे ओढला जातो, म्हणजे आकड्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच मोजणी सर्वांत जास्त मॉडेलवर रेलते.

नभांगण

थोडक्यात भर घालतो. युरेनस गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम तसाच ठेवून एक अज्ञात ग्रह मानला, आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनमध्ये खगोलशास्त्रज्ञ गाले यांना नेपच्यून सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. ल व्हेरिए यांनीच पुढे बुधाच्या कक्षेतील शतकाला ४३ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरकासाठी आणखी एक ग्रह सुचवला; तो कधीच सापडला नाही आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांना नियमच बदलावा लागला. फरक दोन्हीकडे खरा होता. त्याचे खापर कशावर फोडायचे, हे आधी सांगता येत नाही.

खाडीकाठचा मास्तर

सर्वांचे आभार. उधाण-भांग यांची शंका वाचून रविवारी ओहोटीला मुलांना घेऊन जेटीवर गेलो. सुदैवाने पहिल्या दिवशी एका मुलाने जेटीच्या खांबावर बांबूच्या टोकाच्या उंचीला खडूऐवजी ऑइल पेंटची रेघ ओढून ठेवली होती. बांबू त्या रेघेच्या सात सेंटिमीटर खाली गेला आहे. चिखलात रुतला, दुसरे काय! म्हणजे वीतभरातले, तेव्हाही तो एवढाच रुतलेला होता असे धरले तर, सात सेंटिमीटर आमचेच.

मग दाबाच्या नोंदी पाहिल्या. पहिल्या चार दिवसांच्या मानाने त्या दिवशी दाब सहा हेक्टोपास्कलने कमी होता, म्हणून आणखी सहा सेंटिमीटर वजा. उरले साधारण नऊ. मुलगी म्हणते ते वाऱ्याचे. मला वाटते त्यातले दोन-तीन तरी लाटांमुळे वाचताना झालेले असतील. पुढच्या शनिवारी बांबू काढून खांबालाच पट्टी ठोकणार आहोत आणि तिच्याभोवती तळाशी बारीक भोक पाडलेला पारदर्शक प्लास्टिकचा पाइप बसवणार आहोत, म्हणजे आत पाणी डुचमळणार नाही. भोक किती मोठे ठेवावे, हे कोणाला अनुभवाने माहीत असल्यास कळवावे.