प्रति: हाडं तपासून रोगांचा इतिहास कळतो का?

 हाडं तपासून रोगांचा इतिहास कळतो का, या चर्चेत कुणी म्हटलंय की "जुन्या रोगांबद्दल आपल्याकडे फक्त पोथ्याच बोलतात". हे नाही पटलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उदयपूरजवळच्या बालाथलला उत्खनन केलं, तिथल्या एका पुरुषाच्या सांगाड्यावरचा शोधनिबंध २००९ साली 'प्लॉस वन' या विज्ञानपत्रिकेत आला. सांगाडा सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा. दगडी भिंतींच्या आत, जळालेल्या शेणाच्या राखेत पुरलेला. नाकाच्या पोकळीच्या कडा झिजलेल्या आणि वरच्या जबड्याचं समोरचं हाडही खंगलेलं, म्हणजे कुष्ठरोगाच्या खुणा. भारतातला या रोगाचा इतका जुना हाडांचा पुरावा तोवर हाती नव्हता.

सुश्रुतसंहितेत कुष्ठावर अख्खा अध्याय आहे, तो जरूर वाचावा. पण त्यातली बरीच लक्षणं इतर त्वचारोगांतही दिसतात, त्यामुळे नुसत्या ग्रंथावरून रोगाचं वय ठरवणं अवघडच. म्हणून मला वाटतं, भांडारकर संस्थेतल्या पोथ्या आणि डेक्कन कॉलेजकडची ही हाडं एकत्र अभ्यासणारे विद्यार्थी पुण्यात घडायला हवेत. दोन्ही संस्था एकाच शहरात आहेत, ही सोय दुसरीकडे कुठे सहजी मिळणार?