गोल्फच्या स्पर्धेत परतायचंय, आधी काय सुधारू?

हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) १६. उजव्या हाताने खेळतो. ड्रायव्हरचा (लांब फटक्याच्या क्लबचा, म्हणजे काठीचा) चेंडू उजवीकडे वळतो, आणि भोकाजवळ पोचल्यावर चेंडू आत घालायला तीन-तीन पट (जमिनीवरून ढकलायचे हलके फटके) लागतात. सरावाला आठवड्याचे चारच तास.

उत्तर: आधी पटिंग. तीन पट बहुधा अंतर चुकल्याने होतात. १०, २०, ३० फुटांवरून मारा, पण दर चेंडूला अंतर बदला. एकाच जागेवरून मारलं की हात तेवढंच पाठ करतो.

उत्तर: उजवीकडे वळतो म्हणजे क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा भाग) स्विंगच्या मार्गापेक्षा उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहतोय. ग्रिप (क्लबची पकड) बघा: वरून डाव्या हाताची निदान दोन पेरं दिसायला हवीत. डावीकडे तोंड करून उभं राहू नका, वळण वाढेल.

उत्तर: स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) छोटा पटही न मारता 'गेला' असं धरता येत नाही, म्हणून सरावातही दोन फुटांचा चेंडू उचलू नका. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब, हरवलेला चेंडू शोधायला ३ मिनिटं.