नेम मोडतो तेव्हा... तुमचे अनुभव

दारची तुळस

गेल्या महिन्यात हरिपाठाचा नेम मोडला. सलग चार दिवस. आजारी नव्हते, गावाला गेले नव्हते. नुसताच मोडला.

हा नेम मूळचा सासूबाईंचा. दिवेलागणीला देवापुढे निरांजन, मग ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे 27 अभंग, पाठीला भिंत न टेकता. त्यांना सगळा तोंडपाठ होता, तरी पुस्तिका मांडीवर उघडी असायची. हळदीची बोटं लागून पानं पिवळी झालेली आणि चौदाव्या अभंगाशी खुणेला एसटीचं एक जुनं तिकीट. त्या गेल्यावर नेम मी उचलला. खरं सांगायचं तर भक्तीने नाही, सात वाजताची ती शांतता सोसवेना म्हणून. सहा वर्षं चाललं. आता पाचव्या दिवशी पुन्हा बसले तेव्हा लक्षात आलं, की मधल्या चार दिवसांत मला काहीच चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. नेम मोडल्यापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं. सहा वर्षं मी नक्की करत काय होते? ओठ हलत होते आणि मन कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं.

म्हणून हा धागा. जप, ध्यान, पारायण, मौन, रोजनिशी, नुसतं गच्चीत बसणं, काहीही चालेल. साक्षात्कार नकोत आणि आपापल्या महाराजांच्या सत्संगाचे पत्तेही नकोत. नेम कुठे अडला, कसा मोडला, पुढे काय केलंत, ते लिहा.

बाविसावा मजला

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. पहाटे चारला घंटा. मोबाईल, पुस्तकं, वही-पेन सगळं जमा. बोलायचं तर नाहीच, खाणाखुणाही नाहीत. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात आणि मग सुरू होतं अधिष्ठान: तासभर हात, पाय, डोळे न उघडता बसणं.

माझा डावा गुडघा विसाव्या मिनिटाला पेटायचा. आधी मी त्याच्याशी भांडलो, मग मनातल्या मनात मॅनेजरशी, मग वारलेल्या वडिलांशी. सहाव्या दिवशी भांडायचंही त्राण उरलं नाही, तेव्हा दुखणं नेमकं कुठे आहे ते बघायला लागलो. तर ते एका जागी नव्हतंच. सरकत होतं, ठणके होते आणि दोन ठणक्यांच्या मध्ये काहीच नव्हतं. एवढंच.

घरी गेल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. मी एकोणीस दिवस बसलो. त्यातल्या तिसऱ्याच दिवशी बायको म्हणाली, "दहा दिवस गप्प बसून आलास आणि आल्यापासून तूच बोलतोयस." खरं होतं. जेवताना अनित्य, लिफ्टमध्ये अनित्य. शेजारच्या काकांच्या नव्या गाडीला ओरखडा पडला, तर त्यांनाही अनित्य समजावलं. मग ऑफिसात कामाचा डोंगर आला आणि बसणं सुटलं. सात महिने आसन कपाटावर पडून होतं.

आता वीस मिनिटं बसतो, चहाच्या आधी. कमी आहे, माहीत आहे. शिबिराला फी नसते, जुन्या साधकांच्या दानावर चालतं, त्यामुळे 'पैसे वसूल झाले का' हा माझा नेहमीचा हिशोब इथे मांडता येत नाही. बरंच आहे ते.

दारची तुळस

काकांचं काय झालं?

बाविसावा मजला

गाडीला पॉलिश करून घेतलं. माझ्याशी हल्ली फक्त पावसाबद्दल बोलतात.

रात्रपाळी

मी देवाधर्मातली नाही. चालेल ना?

अतिदक्षता विभागात नर्स आहे. रात्रपाळी संपली की घरी जाताना बसमध्ये सहकारी बँकेच्या डायरीत तीन ओळी लिहायचे. काय झालं, मी काय केलं, काय करायला नको होतं. तिसरी ओळ अवघड.

एका रात्री एका आजोबांनी दोनदा पाणी मागितलं. त्यांना घोटभर पाणी चालणार होतं. मी "आले" म्हटलं आणि दुसऱ्या बेडकडे पळाले. तिथे खरोखरच गरज होती. परत आले तोवर त्यांचा डोळा लागला होता. सकाळी गेले. पाण्याचा आणि जाण्याचा काडीचा संबंध नाही, हे मला कोणी समजावायची गरज नाही. पण डायरी उघडली आणि तिसऱ्या ओळीशी मिटली, ती पाच महिने.

मग एकदा बस घाटात अडकली होती, रेंज नव्हती, म्हणून जुनी पानं चाळली. जानेवारी ते जून जाऊबाईंबद्दलची एकच तक्रार तेवीस वेळा! आणि 'काय करायला नको होतं' या ओळीत प्रत्येक वेळी जाऊबाईंनी काय करायला नको होतं ते लिहिलेलं. एकटीच हसायला लागले. शेजारची बाई सरकून बसली.

त्याच दिवशी आजोबांची तिसरी ओळ लिहिली. 'पाणी', एवढाच शब्द. आता वॉर्डात कोणाला "आले" म्हणत नाही. "पाच मिनिटं लागतील" म्हणते.

डबल बेल

राम कृष्ण हरी. मी एसटीत कंडक्टर होतो, सोलापूर जिल्हा. आषाढीला आम्हाला रजा कुठली? जादा गाड्या असायच्या. त्यामुळे नोकरीत माझी वारी म्हणजे वारकऱ्यांना तिकिटं देणं. 2011 च्या मे महिन्यात रिटायर झालो आणि त्याच वर्षापासून आळंदी ते पंढरपूर पायी. नऊ वाऱ्या झाल्या आणि 2020 उजाडलं. पायी सोहळा रद्द. माउलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून मोजक्या मंडळींबरोबर पंढरीला निघाल्या, ते टीव्हीवर बघितलं. ज्या एसटीत जन्म काढला तिच्यात माउली बसलेली आणि मी घरात. हसावं का रडावं, कळेना.

मग ठरवलं, पालखीचा जेवढा टप्पा असेल तेवढं रोज आपल्याच रानात बांधाबांधाने चालायचं. पुणे-सासवडच्या दिवशी दिवेघाट लागतो. आमच्या रानात घाट कुठला? विहिरीच्या मातीच्या ढिगावर चढ-उतार केली. मंडळी म्हणाल्या, "अवो, घाण्याच्या बैलागत काय फिरताय, माणसं हसत्यात." झालं, पायातलं बळच गेलं. बंद केलं.

पण खरी अडचण रात्री. दिंडीत राहुटीत माझ्या शेजारी बारामतीकडचे एक बुवा झोपायचे. घोरणं असं की ट्रॅक्टर बरा. नऊ वर्षं मी त्यांच्या नावाने बोटं मोडली आणि आता घरच्या गादीवर ते घोरणं नाही म्हणून झोप लागेना. शेवटी फोन लावला. म्हटलं, "माउली, जरा घोरा." ते हसले, मग रडले. घरात एकटेच होते.

तेव्हापासून रोज रात्री नऊला फोन. एक अभंग, ते म्हणतात, मी मागून धरतो. 2021 लाही पादुका एसटीनेच गेल्या. 2022 ला वारी पुन्हा पायी निघाली, आम्ही दोघं गेलो. आता गुडघे नाही म्हणतात. फोन चालू आहे.

पहाटेची पाळी

आमच्या वास्कोत श्रावणात दामोदराचा भजनी सप्ताह असतो. नाव सप्ताह, पण अखंड भजन चालतं ते चोवीस तास, आळीपाळीने. एकाचा गळा बसला तर दुसरा उचलतो. मी एकदा पहाटे तीनला तबल्यावर डुलकी घेतली, ठेका गेला. शेजारच्याने टाळ न थांबवता कोपराने ढोसलं. घरी एकट्याने जपाला बसलो की ढोसायला कोणी नसतं, त्यामुळे माझा नेम आठवड्यावर टिकत नाही. उपाय सापडलेला नाही.

उणे साडेनऊ

न्यू जर्सीहून. आम्ही अकरा जणी शनिवारी व्हिडिओ कॉलवर ज्ञानेश्वरी वाचतो. इथे सकाळ, पुण्यात संध्याकाळ. एकूण नऊ हजारांवर ओव्या. बारावा अध्याय अडीचशेच्या आत आटोपतो, सगळ्या खूश. तेरावा अकराशेच्या वर, तिथे दर वेळी गळती लागते.

त्याच अध्यायात अहिंसेशी माउली थांबतात ते पुढे सरकतच नाहीत. भुंगा कमळावर पाय हळुवार ठेवतो, केसर कुस्करेल म्हणून, ती ओवी माझ्या वाट्याला होती. आवाज छान लागला होता. तेवढ्यात मुलाने दुधासकट वाडगा गालिच्यावर पालथा केला आणि मी माइक चालू असताना त्याच्यावर जी ओरडले... दहा जणींनी ऐकलं. क्षणभर सगळं गप्प. मग पुण्याच्या ऐंशी वर्षांच्या आजी म्हणाल्या, "वाच गं पुढे. ओवीचा आकडा काय म्हणालीस?"

पुढचे तीन शनिवार मी गेलेच नाही. कारणं सांगितली, खरं कारण लाज. चौथ्या शनिवारी मुलगाच म्हणाला, "आई, तुझं ते भुंग्याचं आज नाही?" गालिच्यावरचा डाग अजून आहे, लॅपटॉप त्याच्यासमोरच ठेवते.

दारची तुळस

डबल बेल, तुमचं वाचून काल नणंदेला फोन लावला. दोघींनी मिळून हरिपाठ म्हटला. तिची चाल वेगळी, माझी वेगळी. आठव्या अभंगाला थांबून म्हणाली, "आई इथे श्वास घ्यायची. तू मधेच कशी घेतेस?" मला सहा वर्षांत कळलं नव्हतं, की सासूबाई कुठे श्वास घ्यायच्या ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

तिने चौदाव्या अभंगातल्या तिकिटाचंही विचारलं. कुठे जाताना घेतलेलं, कोणालाच माहीत नाही. छापलेलं सगळं पुसलं गेलंय.

डबल बेल

पुसलं असू द्या. ताई, कागदाचा रंग कोणता आहे? रंगावरून किती पैशांचं ते सांगतो.