नवेगावबांध-अर्जुनी भागात तीन दिवस: वाघ सोडून काय बघावं?

गुडघेदुखे जावई:
जानेवारीत नागपूरला लग्न आहे. ते आटोपलं की तीन दिवस मोकळे. सोबत बायको आणि सासरे, वय ७४, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. जिप्सीत आदळत चार तास काढायची त्यांची तयारी नाही (माझीही नाही, पण नाव त्यांचं घेतो). भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा एवढं शाळेत पाठ केलं होतं, पुढे कोरी पाटी. नेटवर शोधावं तर नुसत्या नागझिऱ्याच्या सफारी. निवांत, पायी थोडं, जुनं काही असलं तर उत्तम. कुणी तिकडचं आहे का?

मोरगावचा:
आहे नं! गाव गोंदिया जिल्ह्यातल्या (पूर्वीच्या भंडाऱ्यातल्या) अर्जुनी मोरगाव तालुक्यात, पोट पुण्यात. दिवाळीनंतरच्या मंडईला (भाजीची नव्हे, आमच्याकडे जत्रेला मंडई म्हणतात) मात्र दरवर्षी गावी असतो.

पाटबंधारेवाले सासरे आहेत म्हणजे तुमचं निम्मं काम झालं. आमच्याकडचा जवळपास प्रत्येक तलाव कुणीतरी हाताने बांधलेला आहे. दोन टेकड्यांमधली सखल जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, आणि अडलेल्या पाण्यावर खालच्या बांध्यांमध्ये धान घ्यायचं. लहान असेल तर ती बोडी. हे काम कोहळी लोकांचं. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधेल त्याला भिजेल तेवढी जमीन, असा शिरस्ता होता असं सांगतात. पुढे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांकडे आले, १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ते सरकारजमा झाले. कागदावर ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलताना ‘मामा तलाव’. माझ्या पुणेरी बायकोने लग्नानंतर पहिल्याच फेरीत विचारलं होतं, "एवढे तलाव, सगळे एकाच मामाचे?"

नवेगावबांध हा त्यातला मोठा. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं मानतात. इंग्रजांच्या काळच्या नोंदीत त्याचा घेर १७ मैल दिलाय. भोवतीच्या डोंगरांपैकी एका शिखरावर त्याच कोलू पाटलाला कोलासूर देव म्हणून मानतात, आणि बाजूची सात शिखरं म्हणजे सातबहिणी. पाळ बांधताना त्यांनी त्याला हात दिला म्हणे. खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला हे जरूर सांगा. देव झालेला दुसरा पाटबंधारेवाला मला तरी माहीत नाही.

सकाळी सातच्या आत तलावावर पोचा. पाण्यावर धुकं असतं, समोरचा डोंगर दिसत नाही, आधी फक्त काठीचा ठक्‌ ठक्‌ आवाज येतो. मग डोंगा दिसतो आणि त्यात कानाला दुपट्टा गुंडाळलेला ढिवर, जाळं ओढताना. गेल्या खेपेला एकाने काठावर येऊन जाळं झटकलं तर बोटाएवढे मासे, दोन झिंगे आणि बाकी सगळी पाणवनस्पती. मी म्हटलं, कचराच जास्त आला. तो म्हणाला, "कचरा नाही जी, ह्याच्यातच तर मासोळी राहते." आमच्या तालुक्यात ढिवर बायकांनी तलावातलं बेशरम नावाचं तण उपटून, तळ नांगरून, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्यात, ती ह्याचसाठी. शिंगाडे मात्र दिवाळीच्या आसपास खावेत, जानेवारीत उशीर होतो.

दुसऱ्या दिवशी इटियाडोह. गाढवी नदीवरचं धरण, सासरे खूश. जवळच गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग, १९७२ची. धानाच्या शेतांमध्ये एकदम गोंपा आणि रंगीत पताका! हिवाळ्यात तरुण मंडळी स्वेटर विकायला गावोगाव गेलेली असतात, त्यामुळे वसाहतीत म्हातारी माणसंच जास्त दिसतात. लागून प्रतापगड: वर महादेव, आणि तिथेच दर्गाही. महाशिवरात्रीला दोन्हीकडे गर्दी. सासऱ्यांना चढवू नका, पायथ्यालाच चहा पाजा.

आणि रात्री नाटक. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या ह्या जंगलपट्ट्यात, गावोगावी रात्रभर नाटकं होतात, बहुतेक कंपन्या वडसा गावच्या. बऱ्याचदा दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्री नाटक असा बेत असतो.

दुर्बीणवाला:
वरच्या दादांनी पक्षी एका ओळीतही घेतले नाहीत, निषेध. नवेगावबांधला हिवाळ्यात बदकांचे थवे उतरतात. वनाधिकारी मारुती चितमपल्ली तिथे उगाच रमले नव्हते. आणि गोंदियाकडे अर्धा दिवस ठेवा, परसवाडा परिसरात सारस दिसतो. माणसाएवढा उंच पक्षी, महाराष्ट्रात आता जवळपास गोंदिया-भंडाऱ्यातच उरलाय, तेही मोजकेच. तो शेतात उतरतो, म्हणून गाडीतूनच बघा. धुऱ्यावरून चालत जवळ गेलात तर उडेल, शिवाय शेतकरी ओरडेल.

वैनगंगाकाठ:
इतिहास हवा असेल तर जाताना पवनीला वळा. थोडं आडवाटेला आहे. किल्ल्याचा दरवाजा, खंदक, वैनगंगेचे घाट. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. आज तिथे बघायला फारसं नाही, हे आधीच सांगून ठेवते, नंतर मला शिव्या नकोत. मला स्वतःला घाटांवर संध्याकाळी बसायला जास्त आवडतं.

गुडघेदुखे जावई:
सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना वाचून दाखवलं. कोलासुराचं ऐकून ते पाच मिनिटं गप्प होते, मग म्हणाले पाळीचा उतार बघायला हवा. सारस बायकोचा, पवनी माझी. एकच शंका: नाटकाचं तिकीट आधी काढावं लागतं का, आणि किती वाजता संपतं?

मोरगावचा:
मंडपाच्या तोंडाशीच मिळतं. दहाची वेळ छापलेली असली तर अकराला पडदा उघडेल आणि पहाटे कोंबड्याबरोबर संपेल. मागे मी शहाण्यासारखा अर्ध्या बाहीच्या शर्टात गेलो होतो, तीनच्या सुमाराला शेजारच्या आजींनी अर्धं घोंगडं दिलं तेव्हा जगलो. कानटोपी, शाल दोन्ही न्या. आणि तिकीट खुर्चीचंच काढा. सासरे एकदा खाली मांडी घालून बसले तर पहाटे त्यांना उठवायला अख्खं गाव लागेल.