जर्मनीत ४०० युरोंत लॅपटॉप: नवा घेऊ, रिफर्बिश्ड घेऊ की भारतातून मागवू?

नमस्कार मंडळी,

मी केम्निट्झमध्ये मेकॅनिकलचं मास्टर्स करतेय, दुसरं सेमिस्टर चालू आहे. इंजिनिअरिंगपासून वापरत होते तो लॅपटॉप गेल्या आठवड्यात बंद पडला. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेलाय म्हणून सांगितलं, आणि खर्चाचा आकडा असा दिला की त्यात थोडी भर घातली तर दुसरा लॅपटॉप येईल. डिस्क शाबूत आहे, डेटा काढून घेतलाय. सध्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटर पूलमध्ये बसून काम भागवतेय, पण ते रात्री बंद होतं आणि प्रोजेक्टचं काम बहुतेक रात्रीच असतं.

बजेट ४०० युरो, अगदीच गरज पडली तर ४५०. ब्लॉक अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आगाऊ पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो येतात. त्यातून भाडं, आरोग्यविमा आणि किराणा वजा केला की फारसं उरत नाही. शिक्षणासाठी घरच्यांनी आधीच कर्ज काढलंय, त्यामुळे बाबांकडे यासाठी मागायचं नाही हे पक्कं आहे.

काम म्हणाल तर थ्रीडी डिझाइनसाठी सॉलिडवर्क्स (छोट्या असेंब्ली, शंभरेक पार्ट असलेली डिझाइनं नाहीत), गणितासाठी मॅटलॅब, सिम्युलेशनसाठी थोडं अ‍ॅन्सिस, रिपोर्ट लिहिणं आणि रोज संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल. गेमिंग अजिबात नाही. किमान दीड-दोन वर्षं, म्हणजे थीसिस संपेपर्यंत टिकायला हवा.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. एक, इथल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात ४०० च्या आसपास मिळणारा नवा लॅपटॉप. हे दिसायला चकचकीत आहेत, पण बऱ्याच मॉडेलांत ८ जीबी रॅम बोर्डावरच डकवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. दोन, रिफर्बिश्ड, म्हणजे कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले आणि तपासून पुन्हा विकायला ठेवलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक. तीन, माझा चुलतभाऊ ऑक्टोबरमध्ये पुण्याहून इकडे येतोय, त्याच्याबरोबर नवा मागवणं. आई म्हणते तिकडूनच घे, ओळखीचं दुकान आहे. पण वॉरंटीचं काय, आणि विमानतळावर कस्टम्सवाल्यांनी अडवलं तर?

शिवाय जर्मन कीबोर्डची धास्ती आहे. मराठी टायपिंग मी इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने करते, तेही चालायला हवं. ज्यांनी इथे राहून असा लॅपटॉप घेतलाय त्यांनी कृपया सांगा. आभारी आहे.

प्रतिसाद १

ताई, भारतातून मागवायचा विचार सोडून द्या. बचत होईल असं वाटतं, पण भारतात लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे आणि इथे १९ टक्के व्हॅट. करात फारसा फरकच नाही. विमानाने येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघाबाहेरून ४३० युरोंपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येतात. किंमत त्यावर गेली तर लाल मार्गिकेतून जाऊन जाहीर करायचं आणि कर भरायचा: ७०० युरोंपर्यंत सरसकट १७.५ टक्के, त्यापुढे १९ टक्के आयात व्हॅट. लॅपटॉपवर सीमाशुल्क शून्य असलं तरी हा कर चुकत नाही. त्यावर भारतातली वॉरंटी इथे चालेलच असं नाही, स्वस्त मॉडेलांची तर बहुधा त्या देशापुरतीच असते. ऑक्टोबरपर्यंत थांबून हे सगळं गळ्यात कशाला घ्यायचं?

रिफर्बिश्डच घ्या, पण दुकानदाराकडून आणि ऑनलाइन. क्लाइनआनत्साइगेन या जाहिरातींच्या साइटवर खासगी माणसाकडून शंभर युरो स्वस्त मिळेल, पण खासगी विक्रेता गेवेअरलाइस्टुंग, म्हणजे दोषाची कायदेशीर जबाबदारी, जाहिरातीत एका ओळीत झटकून टाकू शकतो. व्यापाऱ्याला तसं करता येत नाही. नव्या वस्तूवर ही जबाबदारी दोन वर्षांची असते, वापरलेल्या वस्तूवर तो ती एक वर्षापर्यंत कमी करू शकतो. त्या पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो आधीपासून नव्हता हे सिद्ध करणं व्यापाऱ्याचं काम, तुमचं नाही. आणि ऑनलाइन घेतलं की १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येतं. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला हा हक्क नाही, हे इथे नव्याने आलेल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

ते १४ दिवस नीट वापरा. बॉक्स आला की पहिल्याच संध्याकाळी लॅपटॉप सुरू करा. विंडोजने एखाद्या कंपनीचं नाव दाखवून तिथला ईमेल मागितला, तर यंत्र अजून जुन्या मालकाच्या यादीत आहे असं समजा आणि लगेच परत पाठवा. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन पासवर्ड मागतोय का ते पाहा. नंतर कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी दिसतात. मूळच्या निम्म्यावर आली असेल तर विक्रेत्याला लिहून बॅटरी बदलून मागा. प्रत्येक यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह घालून बघा, बिजागऱ्या हलवून बघा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त प्रोसेसरबद्दल भर घालतो. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचाच घ्या. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे सातव्या पिढीच्या बहुतेक प्रोसेसरांवर चालत नाही. थिंकपॅड टी४७० स्वस्तात दिसतो तो याच कारणाने. मोहात पडू नका. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाले लॅपटॉप आणि मॅकही तुमच्या कामाचे नाहीत, सॉलिडवर्क्सला दोन्हींवर अधिकृत आधार नाही.

अ‍ॅन्सिससाठी महागड्या ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागू नका. जड सिम्युलेशन विद्यापीठाच्या मशीनवर चालवा, घरून रिमोटने जोडता येतं का ते तुमच्या रेखनत्सेंट्रुममध्ये, म्हणजे संगणक केंद्रात, विचारा. सॉफ्टवेअरचे कॅम्पस लायसन्स कुठले मिळतात तेही तिथेच कळेल.

कीबोर्डची धास्ती सोडा. जर्मन कीबोर्डवर झेड आणि वाय यांची अदलाबदल असते, पण इनस्क्रिप्ट कळीच्या जागेवर चालतं, तिच्यावर छापलेल्या अक्षरावर नाही. टीच्या उजवीकडची कळ दाबली की 'ब' येणार, तिच्यावर झेड असो की वाय. त्रास होईल तो मॅटलॅबमध्ये. चौकोनी कंस उजव्या ऑल्टबरोबर ८ आणि ९ वर, महिरपी कंस ७ आणि ० वर. हात सारखा वळवावा लागतो. मी विंडोजमध्ये अमेरिकन मांडणी ठेवलीय, विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून ती बदलता येते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ऑनलाइन खरेदी आणि दुकानातली खरेदी यांतला फरक मला खरंच माहीत नव्हता. उद्याच शोरूममध्ये जाऊन घेणार होते. आईलाही व्हॅटचं गणित समजावलं, तिला पटलं.

आता दोन समोर आहेत, दोन्ही व्यापाऱ्यांचे आणि एका वर्षाच्या गेवेअरलाइस्टुंगसह. थिंकपॅड टी४८०, १६ जीबी रॅमसह. आणि थिंकपॅड टी१४ पहिली पिढी, एएमडी रायझन ५ प्रो ४६५०यू, ८ जीबीचा, पहिल्यापेक्षा ६० युरो महाग पण बजेटच्या आत. रॅम वेगळी घ्यावी लागेल. काय करू?

प्रतिसाद २

टी१४ घ्या. टी४८० दणकट आहे, रॅमचे दोन स्लॉट आहेत, मागची बॅटरी स्क्रू न उघडता बदलता येते. पण त्यात चार कोअर आहेत, रायझनमध्ये सहा, आणि त्याचं अंगभूत ग्राफिक्सही बरंच पुढचं आहे. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल फिरवताना जाणवेल. टी१४ मध्ये ८ जीबी बोर्डावर डकवलेली असते आणि एक स्लॉट मोकळा असतो. त्यात डीडीआर४ ची ८ जीबी काडी बसवा, दोन्ही मिळून १६ होतील आणि ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन्ही रॅम एकत्र चालण्याचा, फायदा ग्राफिक्सलाही मिळेल. मागचं झाकण काढायला साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पुरतो. मात्र काडी मागवायच्या आधी विक्रेत्याला ईमेल करून स्लॉट रिकामा आहे ना हे लेखी विचारा, आणि बॅटरीची क्षमता किती टक्के उरलीय तेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका. उत्तर आलं की इथे टाका, मग पुढचं बघू.