मदत हवी आहे : बोका गादीवर लघवी करतो, पुण्यात तज्ज्ञ हवा आहे

मृद्गंध :
आमचा चार वर्षांचा बोका गेले तीन आठवडे त्याचा वाळूचा ट्रे सोडून माझ्या गादीवर आणि धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर लघवी करत आहे. मी रोज फिनेलने पुसून घेते, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जागा ओली असते. सासूबाईंनी महिनाअखेरपर्यंत त्याला कुणाला तरी देऊन टाकायचे ठरवले आहे आणि मला ते मुळीच मान्य नाही. सहकारनगरला घरी येऊन पाहतील असे मांजरांच्या वर्तनाचे तज्ज्ञ कुणाला माहीत असल्यास कृपया फक्त नाव आणि शुल्क कळवावे. घरगुती उपाय करून झाले आहेत.

कोथरूडकर :
नाव सुचवण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. त्याची नसबंदी झाली आहे का? घरात मांजरे किती, ट्रे किती आणि ते कुठे ठेवले आहेत? तो उभ्याने शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारतो, की खाली बसून करतो? फवारा म्हणजे हद्द आखणे असते आणि बसून करणे हे वेगळे दुखणे असते, त्यामुळे दोन्हींवरचे उपायही वेगळे आहेत.

शेवंता :
माझ्या माहेरी वाड्यात मांजरांसाठी टोपलीत चुलीतली राख ठेवत असत आणि कधी तक्रार आली नाही. विकतची वाळू टाकून द्या आणि गादीवर लिंबाचे पाणी शिंपडा.

दक्षिणवारा :
शेवंताताई, वाड्यातली मांजरे परसात जात असत, फ्लॅटमधल्या बोक्याला ती सोय नाही. लिंबाने फार तर जागा बदलेल, कारण तसेच राहील. मृद्गंध, फिनेल मात्र आजपासून बंद करा, कारण त्यातली फिनॉलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला पचत नाहीत. शिवाय लघवीचा वास मांजराच्या नाकाला येतच राहतो. तो मोडायला एन्झाइमचा क्लीनर लागतो.

मृद्गंध :
नसबंदी तो वर्षाचा असतानाच झाली आहे. एकच मांजर आहे आणि एकच ट्रे, बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी. बसूनच करतो. दिवसातून आठ-दहा वेळा ट्रेमध्ये जातो, पुढचे पाय काठावर टेकवून बराच वेळ बसून राहतो आणि उठल्यावर ओल्या वाळूचा रुपयाच्या नाण्याएवढाच गोळा असतो. परवा पांढऱ्या अभ्र्यावर गुलाबी छटा दिसली होती, पण ती ओढणीचा रंग गेल्याची असेल म्हणून लिहिले नाही. मी फक्त नाव विचारले होते.

दक्षिणवारा :
ताई, ती गुलाबी छटा रक्ताची असू शकते. वर्तनतज्ज्ञ नंतर पाहू, आज रात्रीच पशुवैद्याकडे जा. बोक्याची मूत्रनलिका इतकी अरुंद असते की स्फटिक आणि चिकट स्राव मिळून तिथे बूच बसते आणि लघवी पूर्ण थांबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. स्वतः पोट दाबून पाहू नका. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करायला सांगा. औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, पण सकाळपर्यंत थांबू नका, रात्री उघडा असलेला जवळचा दवाखाना गाठा.

कोथरूडकर :
प्रत्येक वेळी इतके घाबरवणे मला पटत नाही. शेजारी ड्रिलिंग चालू असताना आमची मनीही गादीवर करत होती आणि काम संपल्यावर आपोआप थांबली.

दक्षिणवारा :
तुमची मनी मादी होती. माद्यांची नलिका रुंद आणि आखूड असल्यामुळे ती सहसा तुंबत नाही. इथे बोका कुंथतो आहे.

मोरपीस :
महापालिकेत मांजराची नोंदणी आणि रेबीजची लस झाली आहे ना? नसल्यास तेही याच फेरीत उरकून घ्यावे.

मृद्गंध :
रात्रीच जाऊन आले. नलिका तुंबलेली नाही, स्फटिक नाहीत आणि जंतुसंसर्गही नाही, पण मूत्राशयाला सूज आहे आणि लघवीत रक्त आहे. डॉक्टर म्हणाले की दहा वर्षांखालच्या मांजरांत अशा दुखण्याचे कारण बहुतेकदा ताणच असते. त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी घरात काय बदलले हे विचारले, तेव्हा आठवले की नवीन वॉशिंग मशीन त्याच आठवड्यात आले. कपडे पिळताना ते थरथरते आणि ट्रे त्याला अगदी चिकटून होता. वेदनाशामक दिले आहे, कोरड्या खाण्याऐवजी ओले खाणे आणि भरपूर पाणी द्यायला सांगितले आहे. ट्रे बेडरूमच्या कोपऱ्यात हलवला आणि दुसरा हॉलमध्ये ठेवला, तेव्हा सासूबाई एवढेच म्हणाल्या की हॉलमधला खिडकीजवळ असू दे. तुंबल्याचे लक्षण दिसले तर मध्यरात्रीही पुन्हा यायला सांगितले आहे. औषध संपल्यावरही सवय राहिली, तर मग वर्तनतज्ज्ञ पाहायचा आहे. कोथरूडकर, ड्रिलिंगचे तुम्ही सांगितले ते अगदीच अस्थानी नव्हते.
आता एकच विचारते. गादी कापसाची आहे, एन्झाइमचा क्लीनर आतपर्यंत पोहोचेल का?

शेवंता :
नाही पोहोचणार. तेवढ्या भागातला कापूस काढून टाका, खोळ धुवा आणि पिंजाऱ्याकडून नवीन कापूस भरून घ्या. तोवर गादीवर प्लास्टिकचे कापड अंथरून ठेवा.