पडद्यावरचं गाणं: परीक्षणात काय छापलं, तुमच्या कानांनी काय ऐकलं?

गाण्यांचा सिनेमा आला की एक वाद ठरलेला असतो. परीक्षण लिहिणाऱ्याला गाणं आवडलेलं नसतं आणि वाचणारा थिएटरातून भारावून आलेला असतो, किंवा याच्या नेमकं उलट. 'ले मिझेराब्ल' (२०१२) आला तेव्हा रसेल क्रोच्या गाण्यावर इंग्रजी समीक्षक तुटून पडले होते आणि अनेक प्रेक्षक त्याच्या बाजूनं उभे राहिले होते. आपल्याकडे 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) आणि 'संगीत मानापमान' (२०२५) या सिनेमांवरून घराघरांत असंच झालं.

कोल्हापुरात हा वाद जरा जास्त मनाला लागतो, आणि लागायलाच हवा असं मला वाटतं. शाहू महाराजांच्या आश्रयाला अल्लादिया खाँसाहेब इथं आले. गाण्याची जुनी संस्था देवल क्लब इथला, गायक-नट केशवराव भोसले इथले, पेटीवादक आणि संगीतकार गोविंदराव टेंबे इथले. ऐकून ऐकून कान तयार झालेली माणसं आपल्या पेठापेठांत आहेत. आणि परीक्षणात गायनाच्या वाट्याला एकच ओळ येते: 'गाणी श्रवणीय झाली आहेत.'

म्हणून हा धागा. परीक्षणाशी तुमचं कुठं बिनसलं, कुठं पटलं, ते लिहा. नुसतं 'अप्रतिम' किंवा 'बेसूर' नको. कुठलं गाणं, त्यातली कुठली जागा, तिथं काय झालं, तेवढं सांगा. समीक्षकांची नावं घेऊ नका, त्यांचं म्हणणं घ्या.

शाहूपुरी, निवृत्त संगीतशिक्षिका

'कट्यार' हे मूळचं नाटक, त्यात खाँसाहेब झालेल्या वसंतराव देशपांड्यांना मी ऐकलंय. त्यामुळे सिनेमा बघायला जाताना धाकधूक होती. मी वाचलेल्या एका परीक्षणात असं होतं की, राहुल देशपांडे यांनी सिनेमातल्या खाँसाहेबांसाठी दिलेला आवाज म्हणजे आजोबांची, वसंतरावांची आठवण, त्यात त्यांचं स्वतःचं काही नाही. हे मला अजिबात मान्य नाही. खाँसाहेब हे पात्र वर्षानुवर्षं पराभव गिळत आलेलं आहे. त्याची तान नुसती वेगवान असून चालत नाही, ती अंगावर आली पाहिजे. 'सुरत पिया की'मध्ये राहुल ज्या जोरानं स्वर फेकतात, त्यात तो दुखावलेला माणूस ऐकू येतो. समोरच्या घराण्याचा शिष्य सदाशिव महेश काळे यांच्या आवाजात त्याच्यासमोर मोकळा, तरुण वाटतो. दोन घराण्यांचा झगडा दोन गळ्यांतून कळला, याहून जास्त काय हवं?

माझी तक्रार वेगळी आहे आणि ती एकाही परीक्षणात दिसली नाही. रंगभूमीवर पद फुलायला वेळ मिळतो. नट आलापी करतो, तबलजीशी नजरानजर होते, लोक वन्समोअर घेतात. सिनेमात पद रंगायला लागलं की कॅमेरा दुसरीकडे जातो. 'घेई छंद' सुरू झालं की मला अजून हवं असतं. पण हा दोष गाणाऱ्याचा नाही, संकलनाचा आहे. परीक्षण लिहिणाऱ्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

कसबा बावडा

मॅडम, तुम्ही वसंतरावांना ऐकलंय, आम्ही न्हाई. आमच्या घरात शास्त्रीय गाणं कुणी लावतच नव्हतं. कट्यार बघितला तवा मी कॉलेजात होतो, पोरांबरोबर गेलतो. 'सूर निरागस हो' सुरू झालं आणि अख्खं थिएटर गप झालं. नंतर एका जाणकारांचा लेख वाचला. त्यांचं म्हणणं, हे सगळं सुगम करून टाकलंय, असल्या गाण्यानं खऱ्या गाण्याचे श्रोते तयार होत नाहीत. लई वाईट वाटलं. कारण त्या सिनेमानंतर मी मैफलीला जायला लागलो, आणि आता पेटी शिकतोय. निदान माझ्यापुरतं तरी त्यांचं म्हणणं चूक आहे.

राजारामपुरी, ध्वनिमुद्रणाचं काम करतो

'ले मिझेराब्ल'बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथला वाद समजून घ्यायचा तर गाणं मुद्रित कसं झालं हे आधी कळायला हवं.

नेहमीची पद्धत अशी: गाणं आधी स्टुडिओत होतं, सेटवर ते वाजवतात आणि नट ओठ हलवतो. सूर चुकला तर परत घेता येतो, किंचित हलला तर संगणकावर सरळ करता येतो. दिग्दर्शक टॉम हूपर यांनी हे टाळलं. नट चित्रीकरण चालू असतानाच गायले. त्यांच्या कानात छोटा श्रवणयंत्रासारखा तुकडा, त्यात पियानोची साथ. पियानोवाला नटाची लय बघून वाजवायचा. नट थांबला की तोही थांबायचा. पूर्ण वाद्यवृंद मागाहून भरला. त्या सिनेमाला ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर मिळालं.

आता जाव्हेरचं काम करणारा क्रो. समीक्षक म्हणाले, आवाज बसका आहे, घशात अडकतो. वाचक म्हणाले, जाव्हेर हा कायद्याला चिकटून बसलेला ताठ पोलीस अधिकारी आहे, त्याचं गाणं ताठच असणार. माझ्या कानांना समीक्षकांचं निरीक्षण बरोबर वाटतं. ओळीच्या शेवटी लांब स्वर धरायचा असतो तिथं त्याचा श्वास कमी पडतो, स्वर पातळ होतो. हे पात्राचं ताठपण नव्हे. ताठ माणूस पूर्ण श्वासानं ताठ गातो. पण त्यावरून काहींनी सेटवर थेट गाण्याच्या पद्धतीलाच नावं ठेवली, ते पटत नाही. ह्यू जॅकमन त्याच पद्धतीनं गायला. त्याच्यामागे संगीत रंगभूमीचा अनुभव होता आणि तो ऐकू येतो.

मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही पद्धत केवढी नवी म्हणून त्या वेळी गाजली! आपल्या गावात प्रभात फिल्म कंपनीनं 'अयोध्येचा राजा' काढला तो १९३२ साली. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. पार्श्वगायन तेव्हा आलेलंच नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर गायचा, साथीदार चौकटीबाहेर बसायचे आणि जे लागेल ते मुद्रित व्हायचं. त्या गाण्यांना आजच्या स्टुडिओचं माप लावून 'कच्चं' म्हणणारे लेख मी वाचलेत. तसं म्हणणं अन्यायाचं आहे.

उचगाव

माझं उलटं आहे. 'ले मिझेराब्ल'मधल्या अ‍ॅन हॅथवेच्या 'आय ड्रीम्ड अ ड्रीम' या गाण्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्करही मिळालं. चेहरा अगदी जवळून, कॅमेरा हलत नाही, ती रडत रडत गाते. मला रडणं दिसलं, गाणं मात्र तुटत गेलं. आमच्याकडे लग्नात ओव्या म्हणणाऱ्या बायका पोरगी सासरी निघाली तरी सूर सोडत नाहीत, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं.

मंगळवार पेठ, भजनी मंडळात पेटी वाजवतो

'मानापमान'बद्दल मी समीक्षकांच्या बाजूनं आहे. खाडिलकरांचं नाटक १९११चं, चाली टेंब्यांच्या. नव्या सिनेमातली शंकर-एहसान-लॉय यांची गाणी भव्य आहेत, गाणारे तयारीचे आहेत. पण कोरस आणि वाद्यं एवढी, की शब्द मागे राहतात. नाट्यपदात शब्द आधी पोचला पाहिजे. नायिका भामिनी काय म्हणते ते कळलं नाही तर तिच्या मानाचं आणि अपमानाचं काय कळणार?

मात्र 'जुन्या चालींना हात लावणं हेच पाप' असं ज्यांनी लिहिलं, त्यांनी टेंब्यांनी काय केलं ते आठवावं. किर्लोस्करांच्या नाटकांत साकी, दिंडी, कीर्तनाच्या चाली होत्या. टेंब्यांनी ठुमरीच्या अंगाच्या चाली आणल्या. त्या वेळी ती नवीच गोष्ट होती. नवं आणायला माझी ना नाही. ते शब्दांवर चढू नये, एवढंच.

ताराबाई पार्क, पूर्वी सिनेमावर लिहीत असे

आमचीही बाजू सांगते. शुक्रवारचा खेळ बघून त्याच दिवशी मजकूर द्यायचा. जागा ठरलेली: कथा, अभिनय, दिग्दर्शन, छायाचित्रण, आणि उरलं तर संगीत. गाणं एकदाच ऐकून त्यावर लिहायचं, तेही थिएटरच्या स्पीकरवर, जिथं मधला पट्टा फुटत असेल तर गायक बिचारा कर्कश वाटतो. मला गाण्यावरून वाचकांची पत्रं यायची. सगळ्यात उपयोगी पत्रं रागावलेली असायची, पण नेमकी असायची: 'अमुक अंतऱ्यात समेवर येताना गायिका मागे राहिली, तुम्ही तिला चोख म्हणता कसं?' असं पत्र आलं की मी परत जाऊन ऐकायची. शिक्षिकाबाईंचा संकलनाचा मुद्दा मला मान्य आहे. पण पूर्ण पद ठेवलं तर गोष्ट थांबते, हेही बघायला हवं.

शाहूपुरी, निवृत्त संगीतशिक्षिका

गोष्ट थांबत नाही हो, ताई. 'कट्यार'मध्ये गाणं हीच गोष्ट आहे, हार-जीत गाण्यातच होते. तिथं पद कापलं तर प्रसंगच कापला जातो. आणि बावड्याच्या मुला, पेटी शिकतोयस तर वसंतरावांचं 'घेई छंद' ऐक, मग सिनेमातलं ऐक, आणि कुठली जागा कुणी वेगळी घेतली ते इथं लिही.